आबांची भूक

"वैशाली, ए वैशाली, भाकरीचा तुकडा असला तर दे गं बाई. सकाळपासून पोटात काही नाही."

आबा सेफ्टी डोअरच्या जाळीला तोंड लावून शेजारणीला हाका मारत होते. आत मोरीत दर्शना त्यांचंच ताट घासत होती. ज्वारीची दीड भाकरी, दुधीची भाजी, वाटीभर मुगाचं वरण आणि काकडी, एवढं सगळं त्यांनी आत्ताच चवीने, बोटं चाटत खाल्लं होतं. ताटाला लागलेलं वरण अजून वाळलंही नव्हतं.

ती ओल्या हातांनीच बाहेर आली. "आबा, आत्ताच जेवलात ना तुम्ही."

"कोण, मी? खोटं कशाला बोलतेस?" आबांचे डोळे भरून आले. "म्हातारा झालो म्हणून उपाशी मारता काय मला?"

समोरच्या वैशालीकाकू वाटीत शिरा घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. मनाने चांगली बाई, पण कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की तिला धीर धरवत नसे.

"दर्शना, दोन घास दे की गं. माणूस रडतोय."

"काकू, त्यांना शुगर आहे. आणि ते जेवलेत."

"जेवलेला माणूस असा रडतो होय?"

दर्शनाने आबांना हाताला धरून आत आणलं. बाहेर काकू थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्याचं तिला जाळीतून दिसत होतं.

आबा म्हणजे दर्शनाचे सासरे. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. कोपरला ही खोली घेतली तेव्हा आजूबाजूला निम्मी शेतंच होती. पन्नाशीत पायाला पत्रा लागल्याचं निमित्त झालं आणि ती जखम काही केल्या भरेना. तपासलं तर साखर भलतीच वाढलेली. विठ्ठलवाडीला राहणारे त्यांचे थोरले भाऊ, दौलत, याच आजाराने आधी पाय गमावून बसले आणि मग गेलेच. त्यामुळे आबांची बायको रंभा, म्हणजे दर्शनाची सासू, पार हादरून गेली. पण हादरून बसून राहिली नाही. डॉक्टरांना विचार विचार विचारलं आणि घरातलं सगळं जेवणच बदलून टाकलं. भात मुठीएवढा. ज्वारीची नाहीतर नाचणीची भाकरी. रोज एक उसळ, एक पालेभाजी. आधी काकडी-टोमॅटो खायचं, मग भाकरीला हात लावायचा. चहात साखर बंद, तीही सगळ्यांचीच.

"त्यांच्या एकट्याचं वेगळं शिजवलं की त्यांना रोज आठवण व्हायची, आपण आजारी आहोत म्हणून," असं ती म्हणायची. "सगळ्यांनी तेच खाल्लं की झालं."

आबांनी हे वीसेक वर्षं पाळलं. संध्याकाळी खाडीपर्यंत चालत जाऊन यायचं, ते कधी चुकलं नाही. खडवलीला भाचीच्या लग्नात पानात गुलाबजाम पडले तर ते शेजारच्याच्या पानात सरकवून मोकळे. बुद्धपौर्णिमेला मात्र रंभाच्या हातची एक चमचा खीर घ्यायचे, दुसरा चमचा नाही. बिल्डिंगमध्ये कुणाला शुगर निघाली की तो माणूस आधी आबांकडे यायचा. आबा हसून सांगायचे, "गोळी डॉक्टरची, पण ताट आपलं आहे ना."

दर्शना लग्न होऊन या घरात आली आणि ठाण्याला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंगला लागली, तेव्हा नातेवाइकांत कुजबुज झाली. सुनेने संध्याकाळी उशिरा घरी यायचं म्हणजे काय? आबा नुकतेच रिटायर झाले होते. म्हणाले, "जाऊ दे तिला. संध्याकाळच्या भाकऱ्या मी थापतो." आणि खरंच शिकले. सुरुवातीच्या भाकऱ्या नकाशासारख्या व्हायच्या, पण पुढे पुढे रंभालाही जमणार नाही अशा गोल आणि पातळ व्हायला लागल्या. दर्शना दमून घरी यायची तेव्हा तव्यावरची भाकरी फुगत असायची आणि पिठाने पांढरे झालेले हात वर धरून आबा म्हणायचे, "हातपाय धू पोरी, गरम आहे तोवर खा."

रंभा गेली आणि त्यानंतरच हे सुरू झालं. आधी भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग गॅस चालू राहायला लागला. एकदा तर सकाळचे बाहेर पडलेले आबा विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर सापडले. रिक्षावाल्यांना दौलतचं घर विचारत होते. दौलतला जाऊन कितीतरी वर्षं झालेली. त्यानंतर दर्शनाने नोकरी सोडली. नवरा, राजरत्न, एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता, त्याला सोडून चालणार नव्हतं.

आबा बाकी बरंच विसरले ते तिने सोसलं. पण आपण जेवलो हेच ते विसरायला लागले, तिथे घराचा तोल गेला. जेवून उठले की थोड्या वेळाने पुन्हा पाटावर येऊन बसत. नाही म्हटलं की स्वयंपाकघरात शिरून हाताला लागेल ते तोंडात टाकत. गुळाचा खडा, बिस्किटं, एकदा तर नुसती साखर मूठभर. रिपोर्ट बिघडला. टाचेवर फोड आला आणि चिघळायला लागला.

"घरात लक्ष कोणाचं आहे?" डॉक्टर दर्शनालाच बोलले. "अशाने पाय जाईल त्यांचा."

त्याच दिवशी येताना तिने कुलूप आणलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाला लावलं. आबांनी ते हातात घेऊन ओढून पाहिलं. मग तिच्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "मी चोर आहे काय गं?"

तो प्रश्नही ते विसरले. दर्शना विसरली नाही.

राजरत्न घरी आला की आबा त्याचा हात धरायचे. "राजा, भूक लागली रे. ही देत नाही." राजरत्न मान खाली घालून बसायचा. एके दिवशी दर्शनाला आबांच्या उशीखाली नानकटाईचा पुडा सापडला.

"हे तू आणलंस?"

"अगं, रडत होते. एखादं दिलं."

"एखादं? अर्धा पुडा संपलाय. फोड बघितलास का त्यांचा?"

"मग काय करू मी?" राजरत्न एकदम चिडला. "बाप आहे माझा. जेवायला मागतोय, दुसरं काही मागत नाही. तुला काय, तू कुलूप लावून मोकळी!"

"मी मोकळी?" दर्शनाने पुडा त्याच्या हातात दिला. "घे, तूच दे. पाय कापायची वेळ आली की सहीपण तूच कर."

तो बोलला ते खरं होतं आणि तीही काही खोटं बोलली नव्हती, पण त्याने कुणाचंच बरं झालं नाही. बिल्डिंगमध्ये आता बायका तिला बघून गप्प व्हायला लागल्या होत्या. नळावर एकीने तोंडावर विचारलंही, "आबांना जेवायला देतेस ना गं नीट?"

मग तो दिवस आला. सकाळी आबांनी मुकाट्याने गोळी घेतली, पण नाश्त्याचं ताट समोर ठेवल्यावर त्यांचं काहीतरी बिनसलं. "यात काय घातलंयस?" म्हणत त्यांनी ताट ढकलून दिलं. धिरड्याचे तुकडे फरशीवर पसरले. दर्शनाने समजूत घातली, पण ते तोंड फिरवून बसले. थोडं शांत झाले की पुन्हा देऊ, असं म्हणून ती गच्चीत वाळत घातलेले कपडे आणायला गेली. खाली आली तर दार उघडं आणि घर रिकामं.

ती चपला न घालताच धावली. जिना, गल्ली, स्टेशनचा पूल, सगळं बघितलं. वैशालीकाकूही पदर खोचून मागोमाग निघाल्या. काही झालं तरी बाई घरात बसून राहणारी नव्हती. शेवटी खाडीच्या रस्त्याला, उभ्या असलेल्या एका टेम्पोला टेकून बसलेले आबा दिसले. शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटलेला, ओठ थरथरत होते, मान एका बाजूला कललेली. दोनचार माणसं लांब उभी राहून बघत होती.

"सकाळ सकाळ टाकून आलाय म्हातारा," कुणीतरी म्हणालं.

दर्शनाने त्यांचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार. आणि तिच्या लक्षात आलं. गोळी पोटात आहे, अन्न नाही. साखर उतरलीय.

"आबा, इकडे बघा. मला ओळखता ना?"

आबा काहीतरी पुटपुटले, पण मान हलवली. ती उठून पलीकडच्या चहाच्या टपरीवर धावली. "साखर द्या! पाणी आणि साखर!" टपरीवाल्याने काही न विचारता डबाच पुढे केला. तिने मूठ भरून साखर ग्लासात टाकली, बोटानेच ढवळली आणि धावत येऊन ग्लास आबांच्या ओठांना लावला. "हळू. एक घोट. गिळा आबा. अजून एक."

थोडं सांडलं, थोडं पोटात गेलं. तिच्या बोटांना साखर चिकटली होती. आबांनी तिचा हात धरून ती बोटंही चाटली, लहान मुलासारखी. बऱ्याच वेळाने त्यांची नजर जरा स्थिर झाली.

"गोड आहे गं," ते म्हणाले.

दर्शना तिथेच रस्त्यात बसून हमसून हमसून रडली. ज्या साखरेला कुलूप लावलं, तीच तिने आज हाताने भरवली होती. वैशालीकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. रिक्षातून दवाखान्यात जाताना त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला वाटायचं शुगर म्हणजे नुसती वाढते. उतरतेही होय गं?"

"उतरली तर जास्त वाईट," दर्शना म्हणाली.

यावेळी तपासायला दुसरी डॉक्टर होती, वयाने तरुण. तिने आधी आबांशी गप्पा मारल्या, त्यांना पाणी दिलं आणि मग दर्शना-राजरत्नला समोर बसवलं.

"यांचं वय आणि विसरण्याचा आजार बघता आता एवढा कडक कंट्रोल नको. साखर जराशी वर राहिली तरी चालेल, पण पुन्हा अशी खाली जाता कामा नये. मी गोळी बदलते. आणि जेवण आधी, गोळी त्याच्याबरोबर. जेवले नाहीत तर आधी मला फोन करायचा."

"आणि ते सारखं मागतात त्याचं?" राजरत्नने विचारलं.

"द्या ना. दिवसभराचं जेवण तेवढंच ठेवा, पण छोटे छोटे भाग करा. चतकोर भाकरी, चमचाभर उसळ. मधेच मागितलं तर काकडी, ताक, मूठभर फुटाणे. तुम्ही जेवलात हे त्यांना पटवू नका. त्यांना ते पटणारच नाही, उलट तुम्ही खोटं बोलताय असं वाटेल. त्यांना लागलेली भूक खरीच आहे त्यांच्यापुरती."

दर्शना म्हणाली, "म्हणजे मी एवढे दिवस त्यांना उगाच..."

"नाही," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही जे शिकलात ते बरोबरच होतं. त्याच जेवणाने ते इतकी वर्षं दोन पायांवर चालले. आता माणूस बदललाय, म्हणून पथ्य बदलायचं."

घरी आल्यावर राजरत्नने स्वतःच कुलूप काढलं. गूळ आणि बिस्किटं काकूंकडे ठेवायला दिली आणि कपाट उघडं सोडलं. दर्शना सकाळीच भाकऱ्या करून चतकोर चतकोर तुकडे झाकून ठेवायला लागली. मटकीची उसळ, मेथी, कोशिंबीर, सगळं लहान वाट्यांत. आबांनी मागितलं की ताटली समोर यायची. प्रत्येक वेळी ते दिवसातलं पहिलंच जेवण असल्यासारखे खायचे. "झकास झालीय मटकी," म्हणायचे. थोड्या वेळाने पुन्हा, "झकास झालीय मटकी." काकूंनीही शिरा बंद केला. दाराशी हाक आली की त्या आता काकडी चिरून आणायच्या. रिपोर्ट फार चांगला आला नाही, पण वाईटही आला नाही, आणि टाच हळूहळू भरली. घरातलं रडणं थांबलं.

आबा आता दर्शनाला रंभा समजायला लागले होते. आधी ती त्यांची चूक दुरुस्त करायची, मग तेही तिने सोडलं. एकदा तिन्हीसांजेला ती ताटली घेऊन आली, तेव्हा आबा दाराकडे बघत होते.

"रंभा, दर्शना आली नाही गं अजून?"

दर्शनाने ताटली त्यांच्यापुढे ठेवली. "येईल एवढ्यात."

"ठाण्याहून यायचं म्हणजे दमते पोरगी. तिची भाकरी झाकून ठेव. ही मला नको, तिला ठेव."

आणि त्यांनी समोरची ताटली खरंच बाजूला सारली. दर्शना ती घेऊन आत गेली, ओट्यापाशी उभी राहिली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मग डोळे पुसून ताटली घेऊन बाहेर आली. "आली बरं का दर्शना. जेवली पोटभर. आता तुम्ही घ्या." तेव्हा कुठे आबा जेवले.

बुद्धपौर्णिमेला तिने खीर केली, साखर अगदी बेताची घालून. डॉक्टरांना विचारलं होतं, त्या दिवशी वाटीभर चालेल म्हणाल्या होत्या. वंदना झाल्यावर तिने वाटी आबांच्या हातात दिली. त्यांनी एक चमचा घेतला, डोळे मिटले, आणि मग वाटीवर पंजा आडवा धरला.

"अजून घ्या आबा. आज चालतं."

"नको. मला शुगर आहे." आवाज एकदम जुना, ठाम. "पाय जातो. दौलतचा गेला."

मुलाचं नाव विसरलेला माणूस हे विसरला नव्हता. राजरत्न उठून गॅलरीत गेला.

पावसाळा सरता सरता आबांचं मागणं कमी व्हायला लागलं. आधी दर्शनाला बरं वाटलं. मग एके दिवशी लक्षात आलं, की सकाळपासून त्यांनी एकदाही हाक मारलेली नाही. ताटली समोर ठेवली तर नुसतं बघत बसले. तिने घास हातात दिला, तर तो हातातच राहिला. जेवण ते रोजच विसरत आले होते, आता भूकच विसरले. डॉक्टर घरी येऊन बघून गेली. हा आजार पुढे असाच जातो म्हणाली. शुगरच्या गोळ्या तिने बंद केल्या. "आता काहीही द्या. गोड, आंबट, जे घेतील ते. पण जबरदस्ती नको."

आता सगळं खायची मुभा होती. दर्शनाने खीर करून पाहिली, शिरा केला, भात दुधात कालवून पाहिला. काकू आमरसाचा डबा उघडून घेऊन आल्या. "आबा, एक घास. माझ्यासाठी." आबा हसायचे आणि तोंड बंद ठेवायचे. नाचणीची पातळ आंबील तेवढी चमच्याने थोडी जायची. पुढे तीही ओठाच्या कडेने बाहेर यायला लागली. दर्शना ती पुसायची आणि ओला कापूस ओठांवरून फिरवायची. अंगावर नुसती हाडंच तेवढी राहिली होती. पण दोन्ही पाय शाबूत होते. राजरत्न रोज त्यांना तेल लावायचा.

एका दुपारी तो असाच तळवे चोळत बसला होता आणि दर्शना उशाशी होती. आबांनी एक लांब श्वास घेतला. पुढचा घेतलाच नाही. दोघं कितीतरी वेळ त्या पुढच्या श्वासाची वाट बघत राहिले.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला खडवलीहून, कल्याणहून माणसं आली. भिक्खूंचं सूत्रपठण झालं. जेवणं चालू असताना आबांची एक चुलतबहीण शेजारी बसलेल्या बाईला म्हणाली, तेही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "पार वाळून गेला होता गं. म्हणे सून खायला द्यायची नाही."

दर्शना वाढत होती. तिचा हात थांबला. तिने मान वर केली नाही. असं ऐकायची तिला सवय झाली होती.

पण राजरत्न ताटावरून उठला. तो मुळात बोलणारा माणूस नव्हता. "आत्या," तो म्हणाला, "शेवटचे महिने माझ्या बापाने हिच्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी घेतलं नाही. मी मुलगा, मी दिलं तरी घेतलं नाही. मीपण हिला नको ते बोललोय. तुम्हाला कुणाला बोलायचंच असेल तर मला बोला."

वैशालीकाकूंनी दर्शनाच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि स्वतः वाढायला लागल्या.

दर्शनाला वाटलं होतं, कधीतरी असं कुणी म्हणालं तर आपलं मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. ती आतल्या खोलीत जाऊन आबांच्या पलंगावर बसली. गादी काढून टाकली होती, नुसत्या फळ्या होत्या.

हिवाळ्यात ठाण्याच्या वकिलांचा फोन आला. तिची जागा पुन्हा रिकामी झाली होती, येतेस का म्हणाले. ती गेली. काम हाताला लगेच आठवलं. दुपारी सगळ्यांनी डबे उघडले, कुणीतरी तिच्यापुढे चटणी सरकवली, कुणी काय, कसं चाललंय विचारलं. दर्शनाने बरं चाललंय म्हणून सांगितलं. भाकरी मोडली, भाजीला लावली आणि घास हातात घेऊन ती खिडकीबाहेर बघत राहिली. इतरांचं जेवण आटोपलं, डबे धुऊन झाले, तरी घास, आबांच्या हातात राहायचा तसा, तिच्या हातातच होता.